आपलं मोल आपल्याला कळावं म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावांमध्ये मी बचत गटांचं काम करते. उमेद या सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानात आमच्या पदाला सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती म्हणतात, गावात मात्र सगळे नुसतं ताई म्हणतात. बैठक संपते, बचतीच्या वह्या मिटतात, चहाचे कप फिरतात आणि मग कोणीतरी आवाज खाली करून म्हणतं, "ताई, एक विचारू?" त्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे लिहून काढले आहेत. बायकांचे आहेत, त्यांच्या मुलांचे आहेत, मुंबईहून कायमचे परतलेल्या काकांचेही आहेत. उत्तरं माझी आहेत, जवळून बघितलेल्या आणि स्वतः करून पाहिलेल्या गोष्टींवरची.

स्वतःचं मोल ओळखायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सात वर्षं मी आंब्याच्या हंगामात एका बागायतदाराकडे वर्गवारीला जात होते. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवलेला हापूस क्रेटमधून समोर यायचा. फळ हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, वजनाचा अंदाज घ्यायचा. अडीचशे ग्रॅमच्या पुढचं, नितळ सालीचं फळ पेटीत. देठ मोडून चीक ओघळलेला, सालीवर डाग पडलेला आंबा कॅनिंगच्या ढिगात. पेटीतला डझनावर विकला जायचा, ढिगातला किलोवर. एकाच फांदीवरचे दोन आंबे, आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक. डागी आंबा कापला तर आत तितकाच केशरी आणि तितकाच गोड. उलट पेटीत मानाने बसलेल्या एखाद्या फळात साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघायचा, आणि साका बाहेरून कोणालाच दिसत नाही.

वर्गवारी चुकीची असं मी म्हणत नाही, बाजाराला ती लागतेच. पण आंबा कोणत्या ढिगात पडला यावरून तो आतून कसा आहे ते ठरत नाही, हे मला तिथे बसून कळलं. आपल्यावरही रोज असाच भाव लागतो. दहावीचे टक्के, पगाराचा आकडा, बघायला आलेल्या स्थळाचा होकार-नकार, लग्नात कुठल्या पंगतीला बसवलं ते. हा भाव लागायचा थांबणार नाही. तो भाव म्हणजेच मी, असं धरून बसायचं की नाही, तेवढं आपल्याकडे असतं.

पण मला आतून तसं वाटतच नाही. आधी वाटायला हवं ना?

नाही. हे उत्तर मी सगळ्यात ठामपणे देते, कारण 'वाटेल कधीतरी' म्हणत मी स्वतः फार वर्षं घालवली.

आमच्या गटाची पहिली बैठक झाली तेव्हा दहावीपर्यंत शिकलेली मी एकटीच होते, म्हणून मला सचिव केलं. कार्यवृत्ताची वही मांडीवर होती. 'ठराव क्रमांक १' एवढं लिहायला मला पाच मिनिटं लागली, आणि खाली सही करताना मी नवऱ्याचं नाव लिहायला लागले. दोन अक्षरं लिहून खोडली. ती खाडाखोड त्या वहीच्या पहिल्या पानावर अजून आहे. त्या दिवशी मला काही अभिमान वगैरे वाटला नाही, नुसता घाम फुटला होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. सहा-सात महिन्यांनी एका बँकेत गटाच्या कर्जाच्या कागदांवर सह्या चालल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "वाचून सही करताय ना?" मी म्हटलं, "वाचूनच करते. तिसऱ्या पानावर हप्त्यांची संख्या चुकलीय." ते बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की हल्ली आपल्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलंय. वाटणं मागून आलं. वागणं सहा महिने आधीच सुरू झालं होतं.

आपल्याच कोकणातलं याहून फार मोठं उदाहरण महाडचं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला होता, तरी त्यांच्यापैकी पाणी प्यायला कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले, पुढे तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं, खटला चालला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ती माणसं निकालासाठी थांबली नव्हती. आधी पाणी प्यायली. आजही शिमग्याची पालखी कोणाच्या दारात थांबते आणि कोणाच्या दारावरून पुढे जाते, यावरून आपल्याकडची माणसं जन्मभराची जखम घेऊन जगतात. त्यांना 'तुम्ही मनातून मोठे व्हा' असं सांगून भागत नाही. पावलं टाकावी लागतात, आणि सोबत माणसं लागतात.

तुमच्या-माझ्या घरात ही पावलं लहान असतात. गरम भाकरी सगळ्यांबरोबर खा, करपलेली शेवटची मुद्दाम स्वतःच्या ताटात घेऊ नका. ओळख करून देताना स्वतःचं पूर्ण नाव सांगा. गुडघा दोन वर्षं दुखतोय तर दाखवून या. कार्यक्रमात खुर्ची रिकामी असेल तर दाराशी उभ्या राहू नका, जाऊन बसा. अवघडल्यासारखं होईल. होऊ दे.

स्वतःला किंमत देणं म्हणजे अहंकारच नाही का?

बंदरावर मासे घ्यायला जाता ना? पाटीमागे बसलेल्या मावशी बांगड्याचा वाटा लावतात आणि भाव सांगतात. घासाघीस होते, दोन मासे वर पडतात. पण 'द्याल ते द्या' असं त्या म्हणत नाहीत. त्यांना कोणी गर्विष्ठ म्हणतं का? आपला माल काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. शेजारणीच्या वाट्याला नावं ठेवायला लागलं, की मग अहंकार म्हणा.

केलेल्या कामाचे पैसे सांगताना माझी जीभ अडते. काय करू?

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिसेंबरात पर्यटक येतात तेव्हा आमच्या गटाचा स्टॉल लागतो. आमच्या एक वहिनी आमसुलं घेऊन बसल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने पाकीट उलटसुलट करून विचारलं, "कसं दिलं?" वहिनींनी भाव सांगायच्या ऐवजी खाली बघितलं आणि म्हणाल्या, "द्या काय द्यायचं ते." त्याने दिलं ते जवळजवळ निम्म्या किमतीचं होतं. संध्याकाळी आम्ही दोघी हिशेबाला बसलो आणि मी त्यांना म्हटलं, एका पाकिटात काय काय आहे ते पहिल्यापासून सांगा.

मे महिन्यात पावसाच्या आत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवायचे. धुवायचे, चिरायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा. सालं उन्हात पसरायची. गराला मीठ लावून रस सुटू द्यायचा आणि त्या रसात वाळलेली सालं बुडवून पुन्हा उन्हात घालायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. अशी तीन-चार पुटं चढली की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. मध्येच वळवाची सर आली की असेल ते काम टाकून खळ्यातून सगळं पडवीत ओढायचं. बोटांच्या पेरांना आंबटाने भेगा पडतात, त्यात मीठ जातं. हे सगळं सांगताना वहिनी स्वतःच थांबल्या आणि हात उलटे करून बघत राहिल्या.

मग आम्ही लिहिलं: रातांबे, मीठ, पिशवी, लेबल, स्टॉलपर्यंतचं भाडं. मजुरीच्या ओळीवर त्या म्हणाल्या, "माझा वेळ कशाला धरायचा? तो घरचाच आहे." आमच्या बायकांचं घोडं नेहमी इथेच अडतं. आंबा काढणीला बाईला दिवसाची जी मजुरी मिळते ती आम्ही तिथे धरली, वर थोडा नफा. आकडा निघाला तो बघून त्या घाबरल्याच. मी एक युक्ती सुचवली: भाव तोंडाने सांगूच नका, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. पुढच्या रविवारी पुठ्ठा लागला. काही गिऱ्हाइकं नाक मुरडून गेली. बरीचशी पाकिटं मात्र लिहिलेल्या भावाने खपली, आणि मार्चपर्यंत वहिनी तोंडाने भाव सांगायला लागल्या.

शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. आधी कागदावर हिशेब मांडा आणि त्यात स्वतःच्या तासांची ओळ घाला.

दिवसभर घरात राबते, तरी 'घरी काय करतेस?' असं विचारतात. काय सांगू?

सांगा, पाच तास बिनपगारी नोकरी करते. हे मी रागाने म्हणत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही आमच्याकडे भाताच्या लावणीत तरवा म्हणजे रोपं काढायला, आवणात वाकायला, गुरांचं बघायला बाई असतेच.

पण नुसतं श्रेय मिळून भागत नाही, नाव कागदावर हवं. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, एकदा बघा. नवऱ्याने स्वखुशीने बायकोचं नाव शेतजमिनीला लावण्यासाठी राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे, तलाठ्याकडे चौकशी करा. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी गणपतीला माहेरी गेलेल्या बहिणीपुढे चहाबरोबर हक्कसोडपत्र ठेवलं जातं. द्यायचं असेल तर जरूर द्या, भावावर माया असतेच. पण पूर्ण वाचून, समजून द्या. न वाचता सही करणं म्हणजे स्वतःला न विचारता स्वतःचं देऊन टाकणं.

मित्र मुंबईला गेले, मी गावातच राहिलो. मी मागे पडलो का?

हे मला एका खलाशी मुलाने विचारलं, मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या दिवसांत जाळी तुणताना. मी त्याला उलट विचारलं, "आज भरती किती वाजता रे?" त्याने मान वर न करता विचारलं, "तिथी काय आज?" मी म्हटलं षष्ठी. "मग साडेचारच्या सुमाराला." तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा जुन्या माणसांचा हिशेब त्याच्या डोक्यात इतका मुरलेला की तो करतोय हेही त्याला कळलं नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग म्हणजे कमी चढणारी भरती, वारा फिरला की कुठे जाळं टाकायचं नाही, हे सगळं त्याला येतं. आणि तो स्वतःला अडाणी म्हणत होता.

आपल्याकडची घरं कित्येक पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालली. म्हणून जो जातो तो कर्ता आणि जो राहतो तो नुसता राहिलेला, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. १९८२ च्या गिरणी संपानंतर हाताला काम नसलेली कितीतरी माणसं पोरंबाळं घेऊन गावी आली. गाव त्यांना सांभाळू शकलं, कारण मागे राहून कोणीतरी शेत पडीक पडू दिलं नव्हतं आणि घराची कौलं शाकारली होती.

जायचं असेल तर जा. गाव चांगलं आणि शहर वाईट असं मी कोणाला सांगत नाही. फक्त लाजेपोटी जाऊ नका आणि लाजेपोटी राहूही नका. त्या मुलाने पुढे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, व्हायचं ठरवलंय.

मुलगा दहावीत नापास झाला. तो कोणाशी बोलत नाही. त्याला काय सांगू?

दरवर्षी निकालाच्या दिवशी 'कोकण विभाग राज्यात पहिला' अशी बातमी येते. २०२४ मध्ये कोकणचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. आपल्याला आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. पण ज्या गावात सगळेच पास होतात, तिथे एकटा राहिलेला मुलगा त्या दिवशी कुठे तोंड लपवत असेल, याचा विचार पेढे वाटताना कोणाच्या मनात येत नाही.

पहिले दोन दिवस त्याला काही सांगू नका. जेवायला बोलवा, नेहमीचं बोला, नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. त्याच्यासमोर कोणाशीही निकालाची चर्चा करू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरवणी परीक्षेचं बोला, तारीख आणि विषय वगैरे. शाळेत परत जायला तयार नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. आयटीआयचाही रस्ता आहे.

आणि त्याला मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगा. दापोलीजवळचं मुरूड हो, आपल्या शेजारचं. सतराव्या वर्षी परीक्षेला बसायला हा मुलगा कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून जास्त चाल. तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, वय कमी दिसतंय म्हणाले आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. तितकंच अंतर पुन्हा चालून तो घरी आला. पुढे हाच मुलगा गणिताचा प्राध्यापक झाला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा तो ५८ वर्षांचा होता आणि शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न झाला. भारतरत्न मुलाला नाही सांगितलंत तरी चालेल. साताऱ्याहून परत येतानाची वाट मात्र सांगा. त्या चालीत त्या मुलाच्या मनात काय असेल, ते तुमच्या मुलाला बरोबर कळेल.

रोज हेतूने जगायचं म्हणजे आयुष्यात मोठं ध्येय लागतं का?

असलं तर उत्तमच. पण मोठ्या ध्येयाच्या शोधात घरात बसून राहिलेली माणसं मी बघितली आहेत. म्हणून मी एवढंच विचारते: उद्या तुमची वाट कोण बघणार आहे, आणि किती वाजता?

आमच्या शेजारच्या वाडीतल्या मावशी शाळेत पोषण आहार शिजवतात. पटावर जेमतेम तेवीस मुलं. दहा वाजता चुलीवर डाळ चढते. पहिलीतल्या एका मुलीला तिखट सोसत नाही, म्हणून मसाला घालायच्या आधी त्या एक वाटी डाळ बाजूला काढून झाकून ठेवतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही, याचे पैसे नाहीत आणि कुठल्या रजिस्टरमध्ये याची नोंदही नाही. मावशींना कधी तापाने अंग मोडून आलं तरी त्या उठतात, आणि विचारलं तर म्हणतात, "ती पोर तिखट खाईल ना गो." हेतू या शब्दाचा अर्थ मला त्या वाटीत दिसला.

कर्व्यांचंही मोठेपण मला विद्यापीठापेक्षा रोजच्या चालण्यात दिसतं. कॉलेजातलं शिकवणं संपलं की ते पुण्याहून पायी हिंगण्याला जायचे, आश्रमातल्या मुलींना शिकवायला. पलीकडे मुली वाट बघत होत्या, एवढ्यावर त्यांचे पाय चालत होते.

निवृत्त होऊन गावी आलो. वेळ खायला उठतो आणि गावाला माझी गरज नाही असं वाटतं.

काका, थोडं स्पष्ट बोलते. परतलेली बरीच मंडळी पहिल्या वर्षी गाव सुधारायला निघतात, ग्रामसभेत 'मुंबईत असं नसतं' म्हणतात आणि दुसऱ्या वर्षी रुसून ओटीवर बसतात. गावाला तुमच्या मतापेक्षा तुमचा वेळ आणि तुमची माहिती जास्त हवी आहे.

एक निवृत्त कंडक्टर काका आमच्याकडे आहेत. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या म्हाताऱ्या माणसांचा हयातीचा दाखला द्यायचा असतो. कोणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही, कोणाचं आधार मोबाइलला जोडलेलं नाही. काका त्यांना दोघा-तिघांच्या तुकड्यांनी एसटीने तालुक्याला नेतात, रांगेत स्वतः उभे राहतात आणि म्हाताऱ्यांना बाकावर बसवतात. तिकिटाचे सुटे कसे जुळवायचे आणि गर्दीत माणसं कशी मोजायची, हे त्यांच्याइतकं कोणाला येणार? मुंबईला मोठ्या इस्पितळात केसपेपर कुठे काढायचा, हे माहीत असणारा माणूसही गावात सोन्यासारखा असतो. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीत असं काय आहे, ते शोधा.

वादळात बाग गेली. या वयात पुन्हा कशासाठी उभं राहायचं?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडकडची नारळ-सुपारीची आगरं एका दुपारीत आडवी झाली. पोफळ लावली की हाताशी सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. सत्तरीच्या माणसाला 'पुन्हा लावा' म्हणणं सोपं नाही आणि मी म्हणतही नाही.

माझ्या मामांनी दोन वर्षं आगरात पाऊलच टाकलं नाही. मग शेजारच्या मुलाने त्याच्या नव्या रोपांसाठी विचारलं, पाट कुठून काढू, शिंपणं किती दिवसांनी करू. मामा बांधावर उभं राहून सांगायला लागले. सांगता सांगता एकदा धोतर खोचून त्याच्या आगरात उतरले. स्वतःच्या आगरात त्यांनी अजून फक्त केळी आणि थोडी मिरवेल लावलीय. तेवढंही पुरे आहे. आपलं गेलं तरी आपल्याला येतं ते जात नाही, आणि ते कोणाला तरी लागतं.

ग्रामपंचायतीत सदस्य आहे, पण बोलतात ते हे. मी काय करू?

आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत. खुर्ची तुमची आहे, यजमानांची नाही. सुरुवात पाण्यापासून करा, कारण वाडीतला नळ किती वाजता येतो हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पुढच्या सभेत फक्त त्या एका विषयावर तीन वाक्यं बोला, घरून लिहून न्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, ती खरंच घ्यायला लावा. तिथे आवाज मोकळा होतो.

घरचेच म्हणतात, 'तुझी लायकी काय?' तेव्हा कसं सावरायचं?

रागाच्या भरात एकदा बोललेलं आणि रोज बोललेलं यात फरक करा. एकदाचं असेल तर दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगा की ते लागलं. रोजचं असेल तर तो दोष तुमच्यात नाही, आणि तुम्ही आणखी चांगलं वागून तो बंद होणार नाही. विश्वासाच्या एका माणसाला सांगून ठेवा. हात उगारला जात असेल तर गप्प बसू नका. १८१ ही महिला मदतवाहिनी आहे, तातडीला ११२ आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा शब्दांनी केलेल्या छळालाही छळच मानतो.

काहीच करावंसं वाटत नाही. सकाळी उठून काय करू, असं होतं.

असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर या पानावरचे बाकीचे सल्ले बाजूला ठेवा. तो आजार असू शकतो आणि आजाराला औषध असतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असा विचार मनात येत असेल तर आत्ता फोन लावा आणि जवळच्या माणसाला सांगा, मला एकटं सोडू नका.

आपल्याकडे 'याला रत्नागिरीला पाठवा' असं हसत म्हणतात, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. त्या हसण्यामुळे कितीतरी माणसं वेळेत डॉक्टरकडे गेली नाहीत. माझ्या नात्यातली एक बाई उशिरा गेली, बरी झाली आणि परत आली, तेव्हा गटाने तिला पहिल्याच बैठकीत हिशेबाची वही हातात दिली. कोणी काही विचारलं नाही. तिने आकडे लिहायला घेतले.

तुम्ही वही लिहायला सांगता. त्यात काय लिहायचं?

रात्री झोपण्याआधी दोन ओळी. आज माझ्यावाचून काय अडलं असतं? उद्या कोणासाठी, किती वाजता? सुविचार लिहू नका, संकल्प लिहू नका. एखादा दिवस रिकामा गेला तर तसंच लिहा. माझ्याच वहीतले मागच्या आठवड्यातले तीन दिवस देते.

सोमवार. अडलं असतं : शेजारच्या आजींच्या डोळ्यांत औषध, मोतीबिंदू काढलाय. गटाचा बँकेचा भरणा. उद्या : धाकटीचं गणित, साडेसातला.

मंगळवार. डोकं दुखत होतं. गणित झालं नाही, ती रुसली. आजींच्या डोळ्यांत औषध घातलं. उद्या : स्वतःसाठी, गुडघा दाखवायला, दहाची एसटी.

बुधवार. एसटी अकराला आली. तरी गेले. गुडघ्याचा फोटो काढायला सांगितलाय. गणित केलं, दोन उदाहरणं मलाच आली नाहीत, तिने शिकवली. उद्या : आजींचे डोळे, सात वाजता.